वाफेनं खाल्लेली काच

लाँड्रीच्या बॉयलरवर दोनच माणसं होती. सकाळपाळीला पैलवान आणि दुपारपाळीला त्याच्या थोरल्या बहिणीचे यजमान, म्हणजे दाजी. पैलवान हे नाव त्याची अंगकाठी बघून कुणीतरी गमतीनं ठेवलेलं; फुंकर मारली तर उडेल असा गडी.

बॉयलरच्या अंगाला काचेची एक उभी नळी होती. आत पाणी किती आहे ते तिच्यात बघायचं. पाणी संपलं आणि आग चालूच राहिली, तर बॉयलर फुटायचा. आणि हल्ली पैलवानाला त्या नळीत नुसतं धुकं दिसत होतं. फडक्यानं घासून झालं, डोळे चोळून झाले, तरी धुकं हटेना, तेव्हा त्याला आपल्याच डोळ्यांची शंका आली. डोळे गेले म्हणजे नोकरी गेली. घरी त्यानं अवाक्षर काढलं नाही. नळीखालचा कॉक, म्हणजे तोटी, उघडायचा, पाण्याचा आवाज ऐकायचा आणि अंदाजानं दिवस ढकलायचा. नोकरीपायी माणूस जिवाशी खेळतो, तो असा.

शेवटी पाळी बदलताना त्याला राहवेना. त्यानं दाजींना सगळं सांगून टाकलं.

"मला वाटलं, माझेच गेले," ते म्हणाले.

दोघं पोट धरून हसले आणि मिस्त्रीला बोलावून आणलं. मिस्त्रीनं बॉयलरमधून नळीत पाणी नि वाफ सोडणारे वरचे-खालचे कॉक बंद करून नळी काढली, उजेडात धरून दाखवली. वाफ आणि तिचं कढत पाणी काचेला आतून खातं, तो म्हणाला. आधी ती धुरकट होते, मग पातळ, मग एक दिवस फुटते. बाहेरून जन्मभर घासा, काही उपयोग नाही. नवी नळी बसवून तो हात धुवायला गेला.

नव्या नळीतून पलीकडची भिंत स्वच्छ दिसत होती. पैलवानाचा जीव भांड्यात पडला. त्यानं दाजींनाही बघायला लावलं.

दाजी वाकले. "लख्ख दिसतंय रे. पाणी निम्म्यावर आहे."

कॉक अजून बंदच होते. नळीत थेंबभर पाणी नव्हतं.

पैलवान दाजींच्या जवळ सरकला. "दाजी, उद्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचंय मला," तो म्हणाला. "एकट्याला धीर होत नाही. सोबत याल?"

दाजींनी नळीवरून हात फिरवला. ती गार होती.

"रिकामी आहे ना रे?"

"हो."

"तुझ्या ताईला सांगू नकोस."

"आपण दोघं मिळून सांगू," पैलवान म्हणाला. "तुम्ही बसा. आजची पाळी मी करतो."