मोरचुदाचं पाणी

धाकटीच्या डब्यात काकडीच्या अकरा चकत्या होत्या, चार बदाम आणि एका उकडलेल्या अंड्याचा फक्त पांढरा भाग. शेजारी थोरलीच्या डब्यात लोणी लावलेले पावाचे सहा तुकडे, दोन अख्खी अंडी आणि तीन केळी. दोघी जावा रक्तपेढीबाहेरच्या बाकावर बसल्या होत्या. उद्या सासूबाईंचं ऑपरेशन होतं. एक बाटली रक्त लागणार होतं आणि रक्तगट दोघींचाही जुळत होता.

"अगं, एक केळं तरी खा. उपाशी येऊ नका म्हणालेत ते."

"नको वहिनी. माझं शेक झालंय."

"ते पावडरीचं पाणी? त्यानं चिमणीचं तरी पोट भरेल का?"

धाकटी वजन घटवण्याच्या केंद्रात सल्लागार होती. नऊ वर्षं ती पावडरीचे डबे विकत होती आणि स्वतःही तेच पीत होती. केंद्राच्या भिंतीवर तिचा फोटो होता. ओळखीचे लोक थोरलीकडे बघून तिला हळूच विचारत, "यांना नाही का काही सांगत?" तेवढ्यापुरतं तिला बरं वाटे. घरी मात्र थोरली पोटभर जेवायची, बोटं चाटायची, गदागदा हसायची, आणि पाठ चोळून द्यायला सासूबाई हाक मारायच्या ती तिलाच. शेजारच्या खोलीत ते हसणं ऐकताना धाकटीचा नुसता जळफळाट व्हायचा. नऊ वर्षांची भूक कुणाला दिसलीच नव्हती.

निदान रक्त तरी आपलं जावं, असं तिला वाटत होतं. थोरलीला बीपी निघणार याची तिला खात्री होती.

तपासणाऱ्या बाईंनी आधी वजनं घेतली. "सेहेचाळीस," त्या म्हणाल्या. मग थोरली काट्यावर चढली. "ब्याण्णव."

सगळ्यांना ऐकू गेलं का, हे धाकटीने वळून पाहिलं.

"बरोब्बर डबल!" थोरलीच हसत सुटली. "म्हणजे माझ्यात तू दोनदा मावतेस की गं!"

मग बीपी. "एकशे अठरा, शहात्तर. छान आहे."

"यांचं?" धाकटीच्या तोंडून निघून गेलं. "परत बघा ना जरा."

थोरलीचं हसू थांबलं. जावेकडे क्षणभर बघून तिने दंड पुन्हा पुढे केला. "बघा हो परत. तिचं समाधान होऊ दे."

एकशे सोळा, शहात्तर.

टेबलावर मोरचुदाच्या निळ्या पाण्याची काचेची नळी होती. "थेंब बुडाला की रक्त चालतं," बाई म्हणाल्या. थोरलीचा थेंब सरळ तळाशी गेला. तिला आत बोलावलं. काचेच्या दारातून दिसत होतं, ती खाटेवर आडवी झाली होती आणि नर्सशी काहीतरी बोलत होती.

धाकटीचा थेंब बोटभर खाली गेला, थांबला आणि वर आला.

"परत घ्या," ती म्हणाली.

दुसरा थेंबही वर आला.

"हल्ली चक्कर येते का हो?"

"नाही. म्हणजे... सकाळची येते. पण ती सगळ्यांनाच येते ना?"

बाईंनी पट्टीवर तिसरा थेंब घेतला आणि ती यंत्रात सरकवली. "हिमोग्लोबिन साडेबारा तरी लागतं," त्या म्हणाल्या.

पडद्यावर आकडा आला. सात पूर्णांक नऊ.