आखणीबाबाची रेषा

"बघा हं, आता बघा!"

आखणीबाबाने मठासमोर आखलेल्या भस्माच्या रेषेपलीकडे मटणाचा तुकडा भिरकावला. बाबाचा काळा कुत्रा भैरू त्याच्यामागे सुसाट सुटला, पण रेषेच्या हातभर अलीकडेच केकाटला, मान झटकून शेपूट पायात घालून मागे पळाला.

"मुका जीव हाय, पण मंत्र वळखतो!" बाबा गरजला. "कुत्र्याला कळतं ते बिबट्याला नाय कळणार? त्यो बी जनावरच की!"

शे-दीडशे माणसांनी हात जोडले. गर्दीतल्या डॉक्टर दिशाने कपाळाला हात लावला. ओझरच्या पुढे उसाने वेढलेल्या या वस्त्यांवर ती गुरांवर उपचार करायची. बिबट्याच्या धास्तीने चाळीस घरांनी बाबाकडून अंगणाभोवती भस्माची आखणी करून घेतली होती. नवसाबाईने तर कहर केला. शेळ्यांच्या गोठ्याची लोखंडी जाळी सोडवून तिने कांदे साठवायच्या चाळीला ठोकली. रेषा असताना गोठ्याला जाळी कशाला? आणि तिची सहा वर्षांची नात वेदिका आता तिन्हीसांजेलाही उसाच्या कडेला एकटी खेळायची. दिशाला घोर लागला होता तो या पोरीचा.

गुपित तिला आठवड्यापूर्वीच कळलं होतं. भैरूच्या मानेत पू झाला म्हणून बाबाच्या सेवेकऱ्याने त्याला दवाखान्यात आणलं, पण पट्टा काही काढू देईना. दिशाने तो सरकवून पाहिला, तर मानेवर शेजारी शेजारी दोन गोल जखमा. लाल कापडात गुंडाळलेल्या ताईताखाली काळी डबी, आणि डबीला दोन बोथट खिळे! नाशकात बंगलेवाले कुत्रं आवाराबाहेर जाऊ नये म्हणून असलेच पट्टे बांधतात, हे तिने पाहिलं होतं.

आता ती पुढे झाली. खुरप्याने भस्म उकरलं, तर खालून वायर निघाली.

"हा बघा तुमचा मंत्र! या वायरीजवळ पट्टा आला की डबीतून झटका बसतो. बिबट्याच्या गळ्यात पट्टा बांधायला कोण जाणार आहे? बाबा?"

दोघे-तिघे हसले. दिशाला जोर आला. तिने भैरूचा पट्टा काढला. "आता बघा कसा जातो." तिने भाकरीचा तुकडा पलीकडे टाकला.

भैरू गेलाच नाही. हातभर अलीकडे थांबला, थरथरला आणि मागे वळला.

"पट्टा नसून बी थांबला! जय हो!" गर्दी उसळली. एवढी शिकलेली बाई, पण नेमकं हेच विसरली. सहा महिने झटके खाल्लेलं जनावर पट्टा काढल्याबरोबर धीट कसं होईल?

"अहो, भीती बसलीये त्याच्या मनात!" ती ओरडली. कुणी ऐकेना, तेव्हा तिने खिळे स्वतःच्या तळहाताला दाबून धरले आणि रेषेकडे चालू लागली. झटका बसला तशी किंचाळली.

"देवानं हिसका दाखवला!" नवसाबाई म्हणाली.

दिशाने वायर तोडली, पुन्हा डबी धरून पलीकडे गेली. काही झालं नाही. पण तोवर बाबाला वाट सापडली होती. "बाईनं मूळ आखणी तोडली! आता कुणाच्या दारात काय इपरीत झालं, तर मला इचारू नका!"

पाचव्या दिवशी तिन्हीसांजेला बिबट्या उघड्या गोठ्यातल्या शेळीसाठी आला आणि आधी समोर दिसलेल्या वेदिकेवर झेपावला. शेजारचा हनीफ फावडं घेऊन धावला म्हणून पोर वाचली. खांदा मात्र फाटला.

वस्तीने निकाल दिला: डॉक्टरबाईमुळे झालं. बाबाने घरोघरी दुहेरी आखणी केली आणि सांगितलं, नवसाबाईच्या घरातल्या कुणी अकरा दिवस रेषा ओलांडायची नाही.

वेदिकेच्या पुढच्या इंजेक्शनच्या दिवशी दिशा गाडी घेऊन दारात आली.

"आजी, मला हव्या तेवढ्या शिव्या द्या. पण पिसाळीची, रेबीजची इंजेक्शनं चुकवू नका, हो! बिबट्याच्या चाव्यानंही ती होते, आणि एकदा झाली की औषध नाही. चाळीची जाळी गोठ्याला लावा, दिवेलागणीला पोरीला घरात घ्या. यानंच जीव वाचतो. रेषेनं वाचत असता, तर बाबानं आपल्या मठाला लोखंडी दार कशाला लावलं असतं? एवढा तरी विचार करा!"

"अकरा दिवस झाले की बघू," नवसाबाई म्हणाली आणि पाठ फिरवून आत गेली.

दिशाने गाडीचं दार उघडलं. "वेदू, तू तरी ये गं. काही होत नाही, बाळा."

खांद्याला पट्टी बांधलेली वेदिका अंगणातून धावत आली. भस्माच्या हातभर अलीकडे थांबली. रेषेकडे पाहून थरथरली, आणि मागे वळली.