पाण्याच्या वारी रिकामा

माझ्या तोंडाला कान लावलात तर आत समुद्र ऐकू येतो, असे मी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतो. मित्रांनो, ती शुद्ध थाप आहे. मी एक जुना निळा ड्रम आहे आणि माझ्या पोटात फार तर नळाचे पाणी असते.

कारखान्याच्या साच्यातून निघालो तेव्हा मी इतका तापलेला होतो, की शेजारचा बर्फवाला त्या दिवसापासून सरबत विकू लागला. पुढे माझ्यात पातळ साबण भरत. मला शिंक आली, की अर्ध्या बाजारात फुगे उडत. मग परदेशातून आलेल्या एका माणसाने मला विकत घेतले. तो लिफ्ट दुरुस्त करणारा; राहायचा मात्र बिनलिफ्टच्या इमारतीत. त्याने मला चार जिने गडगडवत वर नेले. त्या आवाजाबद्दल खालच्या मजल्यावरच्या बाईंनी त्याला अजून माफ केलेले नाही. एवढे मात्र खरे.

त्या शहरात नळाला आठवड्यातून दोनदाच पाणी येते. नळ आधी खोकतो, मग थुंकतो, मग वाहतो. बाकीचे दिवस सगळा भार माझ्यावर. भांडी विसळलेले पाणी फरशीला, फरशीचे संडासात. झाकण काढून तो आणि त्याची बायको रोज माझ्यात वाकून बघत. असा मान राजालाही मिळत नसेल.

मग बाळ जन्मले, दिवस भरण्याआधीच. इवलेसे, बाटलीने दूध पिणारे. प्रत्येक वेळी बाटली उकळून घ्या, असे डॉक्टरांनी बजावले होते. बाळंतीण लेकीच्या मदतीला तिची आई मायदेशातून विमानाने आली आणि आल्याआल्या माझ्यात डोकावून तिने नाक मुरडले.

"असलं शिळं पाणी पिता तुम्ही?"

तिच्या घरी रोज सकाळी उरलेले पाणी झाडांना जाई आणि ताजे भरले जाई. पाण्याचा वार उजाडला. जावई कामावर गेलेला, रात्रभर जागलेली लेक झोपलेली. आईने मला आडवे केले, उरलेसुरले पाणी मोरीत सोडले आणि मला आतून-बाहेरून लख्ख घासले. खरे सांगतो, मी सुखावलो. इतक्या वर्षांत माझी पाठ कोणी घासली नव्हती. मला ओरडता येत नाही. पण येत असते तरी तेव्हा ओरडलो नसतो.

नळ खोकलाच नाही.

दुपारी जावयाचा फोन आला. मोठी पाइपलाइन फुटली होती, पाणी परवा येणार होते आणि दुकानांतल्या पाण्याच्या बाटल्या केव्हाच संपल्या होत्या. लेक उठून आली.

"आई, ड्रम पालथा का?"

"अगं, आज पाण्याचा वार ना. म्हटलं, ताजं भरू."

लेकीने किटली हलवून पाहिली. "इथं शिळं-ताजं नसतं गं. असतं, नाहीतर नसतं."

किटलीत एका बाटलीपुरते पाणी होते. आईने पातेले उचलले आणि दारोदार फिरली. तिथली भाषा तिला येत नव्हती. ती नुसते हातांचे पाळणे करून झुलवून दाखवी. दारे उघडत आणि मिटत. त्यात दुष्टपणा नव्हता. त्यांचेही ड्रम तळाला गेले होते. शेवटी खालच्या मजल्यावरच्या बाईंनी हातांच्या त्या पाळण्याकडे बराच वेळ पाहिले. मग त्यांनी अर्धे पातेले भरून दिले आणि न हसता दार लावले.

बाळाच्या बाटल्या उकळल्या. आई मात्र घोटभरही प्यायली नाही. दुसऱ्या दिवशी तिचे ओठ फुटलेले पाहून लेकीने पेला पुढे केला. तहान नाही, असे ती म्हणाली.

"आई, तू आडवी झालीस तर मी एकटी काय करू?" लेक म्हणाली. तेव्हा ती प्यायली.

ठरल्या दिवशी नळ खोकला. आधी गढूळ, मग स्वच्छ पाणी आले आणि मी काठोकाठ भरलो. आई भिंतीशी उभी होती. माझ्या झाकणाला हात लावायचीही तिची हिंमत होईना.

"हात धुऊ का गं?" तिने विचारले.

आयुष्यभर सबंध घराला पाणी पाजलेली बाई ती. लेकीने तिचे दोन्ही हात धरून वाहत्या नळाखाली नेले आणि बराच वेळ सोडले नाहीत.

मित्रांनो, पाणी जपा, हे तुम्हाला सगळेच सांगतात. माझे मागणे वेगळे आहे. दुरून कोणी तुमच्या घरी राहायला आले, तर पलंग दाखवण्याआधी त्यांना माझ्याजवळ आणा, झाकण काढा आणि सांगा, की आहे ते एवढेच आहे आणि कधी कधी पाण्याच्या वारीही पाणी येत नाही. त्या आईला हे कोणी सांगितलेच नव्हते.