पैलवान झोपून होता तो हिवाळा

काठी मांडीवर बसली. ओल्या गोणपाटावर बसावी तसा आवाज.

उजनीच्या पाण्यात रोहित पक्षी एका पायावर उभे, पाण्याला कळू न देता.

गुळाचा कोरा चहा, चुलीच्या कडेला.

जेऊरच्या बाजूनं रेल्वेची शिट्टी, धुक्यातून चाळून आलेली.

पुन्हा काठी. या वेळी खांद्यावर.

बाभळीवर वाळत घातलेलं हिरवं लुगडं, त्याला वारा नाही.

सोजरबाईनं काठी कुडाला टेकवली, पदरानं कपाळ पुसलं आणि बाजल्यावर पडलेल्या नवऱ्याला म्हणाली,

"चहा घे. निवतोय."

अभिमन्यूनं कोपरावर उठून पितळी घेतली. फुंकर मारली, प्याला. दिवस मावळला.

असं रोज होई. दिवसातून एकदा, चहाच्या आधी.

वेड्या बाभळीचं ते रान पाण्याच्या कडेनं लांबवर पसरलेलं होतं. त्याच्या पोटात त्यांची खोप, आणि खोपीसमोर कोळशाची भट्टी. लाकूड रचायचं, वर पाला घालायचा, मातीनं लिंपायचं आणि आत विस्तव सोडून द्यायचा. मग ती आठवडाभर धुमसत राहते. कुठं भेग पडली तर लगेच चिखल थापायचा, नाहीतर वारा आत शिरतो, जाळ होतो आणि हाती राख येते. दिवाळीच्या तोंडावर अभिमन्यू भट्टीत गेला, तेव्हापासून तो बाजल्यावर होता. गुडघ्यापर्यंत दोन्ही पाय भाजले होते. करमाळ्याच्या डॉक्टरनं पाय टेकवू नका म्हणून सांगितलं होतं. गावातल्या घरी चला, असं सगळे म्हणाले. सोजरबाई म्हणाली, भट्टी कोण बघणार? खोपीतच बरं.

आणि खरोखरच बरं होतं.

सकाळी धुकं पाण्यावरून उठून बाभळीत अडकायचं. ती खोपीच्या दारात घोंगडी पांघरून बसायची आणि उन्हाची वाट बघायची. ऊन आलं की केस सोडायची. लग्न झाल्यापासून दिवसाउजेडी केस सोडून बसल्याचं तिला आठवत नव्हतं; केस मोकळे दिसले की ते कुणाच्या तरी मुठीत जातात, एवढंच तिला ठाऊक होतं. आता ती सावकाश विंचरायची. चुलीतल्या आरावर ज्वारीची कणसं भाजून, चोळून, एकेक दाणा तोंडात टाकायची. दुपारी उन्हात आडवी व्हायची. झोप लागली तर लागू द्यायची.

आपल्या डाव्या कानानं ऐकू येत नाही, हेही तिला याच हिवाळ्यात नीट कळलं. घरात गलका असायचा, तेव्हा लक्षात येत नसे. इथं पाखरू ओरडलं की ते नेहमी उजव्या बाजूलाच असायचं. तो कान अभिमन्यूनं घागरीच्या काठानं फोडला होता, लेक वैजयंती पोटात असताना.

काठी तिनं स्वतः तोडली होती. काटे तासले होते, कारण रक्त काढायचं नव्हतं. भाजल्या जागी ती कधी मारत नसे. तिथं रोज सकाळी कोमट पाण्यानं धुऊन, हळद घातलेलं तेल ती कापसानं लावायची. हात जराही जड पडू द्यायची नाही. संध्याकाळी मात्र मांड्या होत्या, खांदे होते, पाठ होती. तालमीत घडलेलं अंग. पहिल्यांदा मारलं तेव्हा तो कुडाकडं तोंड करून पडून राहिला. दुसऱ्या दिवशी तिनं त्याला 'अवो'ऐवजी 'ए' म्हणून हाक मारली. त्या हाकेलाही त्यानं ओ दिली.

तिला एकच भीती होती. हा उभा राहील. ज्या दिवशी उभा राहील त्या दिवशी हिवाळा संपला. म्हणून पाय धुताना ती त्याचे तळवे निरखायची. कोळशाच्या जागेत माणूस दोन पावलं चालला तरी त्याचे तळवे काळे होतात. तिचे तर घासूनही निघत नसत. अभिमन्यूचे तळवे पांढरेफेक होते, नव्या नवरीसारखे. ते बघितले की तिला हायसं वाटायचं.

संक्रांत दोन-चार दिवसांवर आली होती. त्या सकाळी ती उठली तेव्हा ऊन दारात आलेलं होतं. एवढी झोप! ती दचकून भट्टीकडं धावली. उतरत्या बाजूला मोठी भेग गेलेली होती. आणि ती भेग लिंपलेली होती. चिखल अजून ओला होता, त्यावर बोटं उमटलेली. सोजरबाईनं आपला पंजा त्या ठशावर ठेवला. ठसा चारी बाजूंनी उरला.

ती खोपीत आली. त्याच्या अंगावरची गोधडी तिनं पायाकडून उचलली.

तळवे काळेकुट्ट होते. बोटांच्या बेचक्यांत कोळसा बसला होता.

अभिमन्यू छपराकडं बघत होता.

सोजरबाईनं संध्याकाळची वाट बघितली नाही. काठी घेतली.

"ऊठ."

"कसा उठू?"

"ऊठ म्हनलं ना!"

पहिला तडाखा पोटरीच्या वर बसला. दुसरा पाठीवर. ती कधी नव्हे ती ओरडत होती, काय ओरडतेय ते तिचं तिलाच ऐकू येत नव्हतं. तो कुशीवर झाला तसं बाजलं करकरलं. चुलीवरचं भगुलं तिच्या लाथेखाली येऊन कलंडलं, पाणी आरावर सांडलं, खोप वाफेनं भरली. तिनं काठी दोन्ही हातांनी डोक्यावर उचलली. असा तडाखा आजवर तिनं मारला नव्हता. तो डोक्यावरच बसला असता.

काठी मध्येच थांबली.

अभिमन्यूनं ती धरली होती. एका हातानं, पडल्यापडल्या, सहज. सोजरबाईनं ओढली. झटका दिला, पाय रोवून सगळ्या अंगानं मागं रेलली. काठी तसूभर हलली नाही. त्याच्या मनगटाची शीर तेवढी वर आली होती. ती शीर तिच्या ओळखीची होती. तिनं डोळे मिटले, मान खांद्यांत ओढून घेतली आणि वाट बघितली.

काहीच आलं नाही.

तिनं डोळे उघडले. त्यानं एकेक बोट सोडलं. काठी मोकळी केली आणि हात पुन्हा छातीवर ठेवला.

"मार की," तो म्हणाला. "थांबलीस का?"

वाफ हळूहळू दाराबाहेर जात होती.

"कवापासनं चालतोयस?" तिनं विचारलं.

"रातीच उठलो. भट्टी फुटली आसती."

"खोटं बोलू नगंस."

त्यानं गोधडी पायांवर ओढून घेतली. "झालं की लई दिस. रोज पाय धुऊन निजायचो."

"मग आजपतोर काठी का धरली न्हाईस?"

अभिमन्यूनं तिच्याकडं बघितलं. त्या नजरेत राग नव्हता. आजारी लेकराच्या हट्टाकडं बघावं तसा तो तिच्याकडं बघत होता.

"तुला बरं वाटत होतं की," तो म्हणाला. "म्हनलं, मारू दी."

सोजरबाई काठी हातात धरून उभी राहिली. सकाळचं धुकं, सोडलेले केस, आरावरची कणसं, दुपारची झोप. एकेक गोष्ट तिच्या डोळ्यांपुढून गेली, आणि प्रत्येकीच्या मागं हा माणूस दिसला, बाजल्यावर पडून देऊ करणारा. घर त्याचं, दार त्याचं. हा हिवाळाही त्यानंच दिलेला.

तिनं काठी ठेवून दिली. मग भगुलं सरळ केलं. कोमट पाणी उरलं नव्हतं, म्हणून गार पाण्यानंच त्याचे पाय धुतले. तेल लावलं. हात जड पडू दिला नाही.

दुपारी नबीलालचा छोटा हत्ती टेम्पो हॉर्न वाजवत बाभळीतून आला. नबीलाल जेऊरचा कोळशाचा व्यापारी. पुण्याच्या हॉटेलांना तंदूरसाठी कोळसा पुरवायचा. आठवड्याला येऊन पोती भरायचा आणि पीठ-तेल टाकून जायचा.

"काय पैलवान!" त्यानं दारातनंच आवाज दिला. "अजून लोळतायसाच व्हय? आमच्या वैनींच्या हातचं खाऊन गाल बघा की कसं सुटल्यात. आवंदा कुस्तीला न्हाई, बैलबाजारात उभं करू तुमाला!"

"करा की," अभिमन्यू छपराकडं बघत म्हणाला. "गिऱ्हाईक मिळंल का तेवढं बघा."

नबीलाल खो खो हसला. ओली चूल बघून तो पोत्यांकडं वळला. मागच्या भट्टीची पोती चढवून झाल्यावर दोरी आवळत तो सोजरबाईला म्हणाला,

"अकलूजहून तुमच्या वैजूचा फोन होता बगा. आयला संक्रांतीला लावून द्या म्हनती. मी म्हनलं, तुजी आय जंगलची रानी झालीया, ती कशाला येतीया!"

"येती," सोजरबाई म्हणाली.

"आँ?"

"अकलूजच्या एष्टीला सोडा मला."

तिनं लुगडं बाभळीवरून ओढून घेतलं. घोंगडी आणि फणी त्यात बांधली. खोपीत जाऊन पिठाचा डबा, तेलाची बाटली आणि हळदीची पुडी बाजल्याजवळ, हाताला येईल अशी ठेवली. अभिमन्यू कोपरावर उठला होता.

"सोजर," तो म्हणाला.

ती बाहेर आली आणि पुढच्या सीटवर चढून बसली. नबीलाल दोरी हातात धरून तसाच उभा.

"वैनी, आवो पैलवानाला कोन बगनार? त्येला पानी कोन दील?"

"त्याला चालता येतं."

"चेष्टा करताय काय गरिबाची?"

"चला नबीभाऊ. एष्टी जाईल."

गाडी भट्टीला वळसा घालून निघाली. काट्यांच्या फांद्या पत्र्याला ओरबाडत गेल्या. बाभळी संपायच्या जागी नबीलालची नजर आरशात गेली आणि त्यानं कच्चकन ब्रेक दाबला.

"या अल्ला. वैनी, मागं बगा. पैलवान उबा हाय."

"व्हय."

"हाक मारतोय बगा. काय म्हनतोय?"

नबीलाल तिच्या डाव्या बाजूला नव्हता, उजव्या बाजूला होता. त्याचं तिला सगळं नीट ऐकू येत होतं. मागून येणारा आवाज मात्र तिच्या बाजूच्या, डाव्या खिडकीतून येत होता.

"मला काय ऐकू येत न्हाय," ती म्हणाली. "गाडी हाना."

नबीलालनं गिअर टाकला.

दिवाळीआधी अभिमन्यू कुऱ्हाड घेऊन सोजरबाईच्या मागं लागला होता. ती अंगानं हलकी, भट्टीवरून पळत पलीकडं गेली. तो मधोमध आत गेला. आसपास कुणीच नव्हतं. त्याला बाहेर तिनंच ओढून काढलं.