नव्यासारखं

आत येताच तिने सवयीने टेबलावर उजवीकडे, पुढच्या कडेपाशी अंगठा टेकवला आणि अंगठा तिथेच चिकटला. उचलला तर बोटाला चॉकलेटी रंग आणि टेबलावर बोटाचा ठसा.

"बाबा," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. चढवायला अंगात त्राणच नव्हतं. दिवसभर विमा कंपनीत बसून ठोकलेल्या गाड्यांचे फोटो बघायचे, नुकसानीचे दावे तपासायचे, आणि घरी यावं तर हे.

बाबा बाल्कनीतून चिंधीला हात पुसत आले. टर्पेंटाइनचा वास त्यांच्या आधी खोलीत पोहोचला.

"लावलास ना हात? ओलं आहे म्हणून सांगणारच होतो. राहू दे, अजून एक हात मारतो. ठसा दिसणार पण नाही."

"काय केलंत हे?"

"लांबी भरली. केवढा खड्डा होता तिथे. कोणाच्या तरी कोपराने घासून घासून लाकूड पार बसलं होतं. भरला, घासला, रंग दिला. आता बघ. अगदी नव्यासारखं."

त्या खड्ड्यासाठीच तिने ते टेबल घेतलं होतं. नव्या घराची किल्ली हातात यायच्या कितीतरी आधीपासून ती दर रविवारी जुना बाजार पालथा घालत होती. कपाटांच्या आणि मोडक्या पंख्यांच्या गर्दीत हे टेबल दिसलं तेव्हा तिने त्या खोलगट जागी आपलं कोपर ठेवून बघितलं होतं आणि ते बरोबर बसलं होतं. कोणीतरी जन्मभर तिथे कोपर टेकून लिहीत असणार. दुकानदार पॉलिश करून देतो म्हणाला, तर "हात लावलात तर घेणार नाही" अशी तंबीच तिने त्याला दिली. त्याने निमूटपणे ऐकलं. घरच्या माणसालाही तंबी द्यावी लागेल, हे काही तिच्या डोक्यात आलं नाही.

घरचं माणूस गेल्या आठवड्यात मदतीला म्हणून आलं होतं. उभी हयात बसच्या आगारात रंगारी म्हणून काढलेली; निवृत्त झाले, पण ब्रशांची पिशवी काही सुटली नाही. आल्या आल्या त्यांनी दिवाणखान्यातला आरसा उतरवला. त्याचा कडेचा पारा उडून ढगांसारखे डाग पडले होते आणि त्या डागांवर तर ती भाळली होती. संध्याकाळी बघते तो चौकटीत लख्ख कोरी काच, जुनी भंगारवाल्याकडे. मग पत्र्याची पेटी. तिच्या झाकणावर हाताने काढलेला, अर्धामुर्धा पुसलेला एक मोर होता. आता पेटी चंदेरी झाली होती आणि मोर त्या रंगाच्या पोटात गेला होता.

दोन्ही वेळा ती राग गिळून गप्प बसली. "अगं, म्हातारं माणूस आहे, हौसेने करतंय," असं नवरा म्हणाला. त्याचं काय जातंय म्हणायला. सोफ्यावरून उठायला लागणार नसेल तर त्याला कोणाचीही हौस चालत होती.

आत्ता मात्र तो उठला. बायकोचा चेहरा बघून त्याने पायात चपला सरकवल्या.

"दूध संपलंय वाटतं. घेऊन येतो," तो म्हणाला आणि गेला. फ्रिजमध्ये दुधाच्या दोन पिशव्या होत्या.

"बाबा, बसा जरा," ती म्हणाली. बाबा बसले नाहीत. "मी हे जुनं म्हणून घेतलंय. जुनं दिसावं म्हणून."

"एक विचारू?" बाबांनी आवाज खाली आणला. "अडचण आहे का काही? जुनं घ्यायची वेळ आली का तुमच्यावर?"

"वेळ नाही आली. हौस आहे."

"जुन्याची कसली आलीय हौस?"

"असते लोकांना."

"रविवारी तुझ्या ऑफिसातली माणसं घर बघायला यायचीत. काय म्हणतील? एवढं मोठं घर घेतलं आणि सामान सगळं दुसऱ्याचं उष्टं."

"ते बघायलाच येणार आहेत."

"काय, खड्डा?"

"हो. खड्डा."

लेकीच्या डोक्यावर परिणाम झालाय की काय, अशा नजरेने बाबांनी तिच्याकडे बघितलं. त्या नजरेने तिचं उरलंसुरलं अवसान गेलं. एवढी वर्षं या माणसाने आपलं एक अक्षर तरी ऐकून घेतलंय का, असं तिला वाटलं.

"तुम्हाला नाही कळायचं," ती म्हणाली. "मला लहानपणी सगळं कोरं मिळालं. सायकल कोरी, टेबल कोरं, कपाट कोरं. बाकीच्या पोरी मोठ्या बहिणींचं उतरलेलं वापरायच्या आणि मी मिरवायचे. पण आपल्या घरात जुनं म्हणून काही नव्हतंच, बाबा. कुठे ओरखडा नाही, कोणाच्या हाताची खूण नाही. नुसता नव्या रंगाचा वास. दुकानात राहिल्यासारखं वाटायचं. मला नकोय तसलं घर."

चिंधी पिळणारे बाबांचे हात मध्येच थांबले होते. ते खाली बघत होते, आणि त्यांना हसू फुटत होतं. आवरूनही आवरत नव्हतं.

"हसताय काय?"

"काही नाही. कोरी होती ना, सगळी?"

"तेच तर सांगतेय मघापासून."

"बरं वाटलं."

आता मात्र हद्द झाली. माणसाने काकुळतीला येऊन बोलावं आणि समोरच्याला बरं वाटावं.

"बरं वाटलं असेल तर उद्या घरी जा," ती म्हणाली. "तिकीट काढते मी."

तोंडातून गेलं ते गेलं. परत घेता आलं असतं, पण टेबलाकडे नजर गेली आणि तिने घेतलं नाही. पर्समधून फोन काढला, गाड्यांच्या वेळा बघायला लागली.

बाबा चिडले नाहीत, रुसलेही नाहीत. ते चिडले असते तर तिला सोपं गेलं असतं.

"हो, तुझी आईपण वाट बघत असेल," ते म्हणाले आणि ब्रश धुऊन एकेक पिशवीत ठेवायला लागले. मग एक बारीक ब्रश त्यांनी बाहेरच ठेवला. "फक्त कड तेवढी करून टाकतो, ठमे. अर्धवट सोडलेलं काम बरं दिसत नाही."

टेबलाची पुढची कड सकाळी रंगवलेली होती, वाळली होती. बाबा गुडघे सांभाळत खाली बसले. एवढीशी पिवळ्या रंगाची डबी उघडली, ब्रशचं टोक बुडवलं, डबीच्या काठाला निथळवलं. पट्टी नाही, दोरा नाही. करंगळी कडेला टेकवली, श्वास धरला आणि डावीकडून उजवीकडे रेघ ओढायला सुरुवात केली. दोऱ्याएवढी बारीक.

सकाळच्या गाडीला जागा होती. तिने नाव भरलं, मान वर केली आणि तिला ती रेघ दिसली.

तिच्या सायकलच्या मडगार्डवरून अशीच गेली होती. अभ्यासाच्या टेबलाच्या कडेने, कपाटाच्या दोन्ही दारांवरून, कंपासपेटीवरूनसुद्धा. भारी कंपनीचा माल पिवळ्या रेघेवरून ओळखायचा, असं तिने वर्गात छातीठोकपणे सांगितलं होतं आणि मुलींना ते पटलंही होतं. सायकल आली तेव्हा सीटवर प्लॅस्टिक होतं, हँडलला तपकिरी कागद गुंडाळला होता. तो तिने कित्येक दिवस काढू दिला नाही. मोठी झाल्यावर कुठल्याच दुकानात तशी रेघ दिसली नाही. ती कंपनी बंद पडली असेल, असं ती धरून चालली आणि पुढे विसरून गेली.

रडू आलं असतं तर बरं झालं असतं. तिला रागच आला, पण तो आता कोणावर काढायचा ते कळेना.

"बाबा, माझी सायकल कोणाची होती?"

"बोलू नकोस. हात हलेल."

ती थांबली. रेघ टेबलाच्या मध्यावर आली, पुढे सरकली, लांबी भरली होती त्या जागेच्या खालूनही न थरथरता गेली. कोपऱ्यावर पोहोचल्यावर बाबांनी ब्रश उचलला, श्वास सोडला, मान तिरकी करून रेघ एकदा न्याहाळली.

"कोणाची म्हणजे?" ते म्हणाले. "तुझी."

"तुमच्या हातात आली तेव्हा?"

"तेव्हाही तुझीच." त्यांनी डबी उचलली, दुसरा हात जमिनीला टेकवला आणि उठायला लागले. "मागची कड राहिली बघ. भिंतीला लागून आहे. दिसायची नाही म्हणा. राहिली तरी चालेल."

तिने फोन पर्समध्ये टाकला. रंगाला हात लागणार नाही अशा बेताने टेबलाला खालून धरलं, आणि त्यांना मागे बसता येईल एवढं भिंतीपासून पुढे ओढलं.