घरचाच पत्ता

दुसऱ्यांच्या वेबसाइट बनवून पोट भरणारा माणूस स्वतःच्या बापाचाच फॉर्म चुकवेल, असं कोपर गावात कुणी म्हटलं असतं तर लोकांनी त्याला येड्यात काढलं असतं. पण दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

प्रभाकररावांच्या हृदयाची झडप निकामी होत चाललेली. डॉक्टरांनी सांगून टाकलं, सहा महिन्यांत ऑपरेशन हवंच. ठाण्यातल्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात वर्षातून एकदाच बाहेरून मोठे सर्जन यायचे आणि त्यासाठी ट्रस्टवाले नावं फक्त साइटवर घ्यायचे. ती साइट सलिलनेच बनवलेली. पहिल्याच दिवशी त्याने घरच्या कॉम्प्युटरवर बाबांचा फॉर्म भरला. ‘अर्ज मिळाला’ असं आलंही. मोबाइलवर मेसेज आला नाही, पण येईल सावकाश म्हणून त्याने लक्ष दिलं नाही.

यादी बंद झाली आणि दुसऱ्या दिवशी ट्रस्टच्या बाई फोनवर म्हणाल्या, "हे नाव नाहीये हो यादीत. आता पुढच्या वर्षी."

सलिलने मोबाइलवर साइट उघडली. वर नवा फोटो. कॉम्प्युटरवर उघडली, तर जुनाच. त्याला एकदम आठवलं.

फेब्रुवारीत साइटची नक्कल घरी तपासताना त्याने कॉम्प्युटरच्या होस्ट्स फाइलमध्ये एक ओळ लिहिलेली. नाव ट्रस्टच्या साइटचं, पत्ता ह्याच मशीनचा. साइटचा पत्ता बाहेर इंटरनेटवर विचारण्याआधी कॉम्प्युटर ती फाइल बघतो. तिथेच उत्तर मिळालं की बाहेर जातच नाही. काम संपलं, ओळ पुसायची राहिली. अरे गाढवा, एक ओळ! फॉर्म ठाण्याला गेलाच नव्हता. त्याने नकलेतली यादी उघडली. ‘अबक’, ‘टेस्ट टेस्ट’, आणि त्याखाली प्रभाकर, वय सदुसष्ट.

त्याने परत फोन लावला, अक्षरशः रडला. बाई वाईट नव्हत्या. म्हणाल्या, "चाळीस जण आहेत. कुणाचं नाव काढू, तुम्हीच सांगा."

स्वयंपाकघरात जाऊन त्याने आईला सगळं सांगितलं. वासंतीबाई ओटा धरून उभ्या राहिल्या. "त्यांना आज नको सांगूस," एवढंच त्या म्हणाल्या.

तेवढ्यात बाहेरच्या खोलीतून प्रभाकररावांची हाक आली. "सलिल, लागला का रे नंबर? कितवा?"

"तिसरा, बाबा."

"बघ वासंती! घरचा माणूस त्या लाइनीत असला की असा फायदा होतो." ते हसायला लागले, आणि धाप लागली म्हणून मध्येच थांबले.