काजळीनं दाखवलेली जागा

"जोर करू नकोस, पोरी. अडतंय ना, म्हणजे ते काहीतरी सांगतंय. आधी ऐक."

अकरा वर्षांपूर्वीचा सासऱ्याचा, हाल्व्होरबाबांचा, तो आवाज आज डार्लाच्या कानात पुन्हा उमटला. नवरा गेला त्या शरदात सासऱ्यानं मुलाची रायफल तिच्या हाती दिली होती. तेव्हापासून दर वर्षी वीस काडतुसं तो स्वतः भरून द्यायचा. त्यातल्या एखाद्यावर एल्क हरीण पडायचं, फ्रीजर भरायचा, मोंटानाचा लांबलचक हिवाळा सरायचा. त्याबद्दल ती कधी चकार शब्द बोलली नव्हती. म्हाताऱ्याला आभार म्हणजे घासातला खडा.

परवा शिकारीचा हंगाम सुरू होणार, आणि यंदाचं एकही काडतूस रायफलीत बसेना. टेकाडाकडे नळी धरून तिनं पाच घालून पाहिली. नळी मागून बंद करणाऱ्या बोल्टची मूठ काही खाली पडेना.

गावात तयार काडतुसं मिळत होती. पण ती आणली असती तर म्हाताऱ्याला कळलंच असतं. वसंतात त्याला अर्धांगाचा झटका आला, गाडी सुटली, कुऱ्हाड सुटली. हे एवढं एकच काम त्याच्यापाशी उरलं होतं.

ती त्याच्या शेडमध्ये गेली. "बाबा, अडतायत."

"उलटी घालत असशील."

"हो, आणि बूट डोक्यात घालते मी."

म्हातारा हसला नाही. उजवा हात त्यानं हळूच खिशात सरकवला.

बाकावर त्याच खेपेतल्या, काडतुसांच्या दहा पितळी पुंगळ्या होत्या. साच्यातून दाबून मापात आणलेल्या, पण अजून रिकाम्या. डार्लानं मेणबत्ती लावली, एक पुंगळी ज्योतीवर धरून काजळली, रायफलीत सरकवली, बाहेर काढली. अंग काळंच, मान काळीच. फक्त मानेखालच्या उतारावर, खांद्यापाशी, काजळी पुसून पितळेचं कडं चमकत होतं.

"खांदा उंच राहिलाय," ती म्हणाली. "पितळ ताठलं असेल. याच पुंगळ्या सातव्यांदा भरतोय आपण."

पण तिची नजर दाबयंत्राकडे गेली होती. दांडा पुरता खाली ओढला तरी साच्याखाली उजेडाची फट दिसत होती. दर वर्षी तिथं लोखंडाला लोखंड टेकायचं. साचा कुणीतरी फिरवून वर घेतला होता. वर घेतला की दांड्याला जोर कमी लागतो, पण खांदा पुरता दबत नाही.

तिनं साचा टेकेपर्यंत खाली आणला, साच्याचं कडं आवळलं, दुसऱ्या पुंगळीला तेलाचं बोट लावलं.

"बाबा, हात लावा. एकटीला जमत नाही."

"तुला? गवताचे गठ्ठे फेकतेस तू!"

"लावा म्हणते ना."

झटक्यानं अधू झालेला उजवा हात खिशातून निघाला. त्यावर तिनं आपला ठेवला. जात्याच्या एका खुंट्याला दोघींचे हात लागावेत तसा तो दांडा जडपणे, पण शेवटपर्यंत खाली आला. ती पुंगळी रायफलीत गेली आणि मूठ अलगद पडली.

वीसही काडतुसं सोडवून पुन्हा भरायची होती. उद्याचा अख्खा दिवस होता.

म्हातारा खिडकीबाहेर बघत म्हणाला, "मीच वर घेतला होता."

"कळलं मला." तिनं त्याचा उजवा हात पुन्हा हातात घेतला. "बाबा, अकरा हिवाळे मी तुमच्या या हातावर जेवलेय. कधी बोलले नाही. तुमचे फार उपकार आहेत माझ्यावर."